वरून दुसरं

१

डिस्क मेली सोमवारी सकाळी, आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी गुन्हेगार ठरलासुद्धा. पत्र टाइप झालं, शिक्का बसला, पोच घेतली गेली. सक्करदऱ्याच्या काठपदर नमुना संग्रहात इतक्या चपळाईनं झालेलं हे पहिलंच काम असावं. एरवी तिथं पंखा दुरुस्त करायलाही तीन बैठका लागतात.

पत्र रुख्माबाई हेडाऊंच्या नावाचं होतं. चष्म्याच्या डबीत चार घड्या घालून आणलेलं ते पत्र त्यांनी माझ्या दुकानातल्या टेबलावर उलगडलं. ‘दैनंदिन साठवणीच्या कामी कुचराई करून नोंदवहीत खोट्या खुणा केल्याचे निदर्शनास आले आहे.’ शुक्रवारी समितीपुढे खुलासा करायचा. तो पटला नाही तर शनिवारपासून यायचं नाही.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. घरचा बिघडलेला उघडून बघता बघता शिकले, आणि मग गल्लीतले सगळेच माझ्याकडे यायला लागले. संग्रहाचं यंत्रही सहा वर्षांपूर्वी मीच मांडून दिलं होतं. नागपूर-उमरेडच्या कोष्टी घरांतून जुन्या लुगड्यांच्या काठांचे नमुने चौकटीच्या कागदांवर काढून ठेवलेले असतात. कुणी ते कायमचे देत नाही. रुख्माबाई ते मागून आणतात, स्कॅन करतात आणि संध्याकाळच्या आत ज्याचा त्याला परत देतात. नमुने कॉम्प्युटरातल्या एका डिस्कवर राहतात, आणि रोज साडेपाचला त्यांची नक्कल कपाटातल्या दुसऱ्या डिस्कवर जाते. ही नक्कल करणारी छोटीशी फाइल मी लिहिली होती.

सोमवारी आतली डिस्क मेली. सदर बाजारातल्या दोन जाणकारांनी हात टेकले. कपाटातली डिस्क काढली, तर तिच्यावरची शेवटची नक्कल सात ऑगस्टची. त्यानंतरच्या दोन महिन्यांतले एकशे अठरा नमुने कुठंच नव्हते.

रुख्माबाईंच्या वहीत मात्र रोजची खूण होती. एकही दिवस कोरा नाही.

“मी रोज केलं, सुमती. एक दिस नाही चुकला.”

“मग गेलं कुठं, बाई?”

“तेच तं मले समजून नाही राहिलं. काम गेलं तं गेलं वं. घरी बसीन, शेवया करून विकीन. पण हे लोक म्हणते, मी खोट्या खुणा केल्या. माझ्या सासऱ्यानं चाळीस वर्ष माग चालवला. आमच्या घरी खोटी मोजणी?”

त्यांनी डोळे पुसले नाहीत. चष्मा पुसला. मी दुकानाचं शटर खाली ओढलं.

एक तर बाई खोटं बोलत होती, नाही तर यंत्र. मी दोघांनाही सहा वर्षं ओळखत होते.

२

दत्तोपंत पोतनिसांच्या दारावर पितळी पाटी आहे: ‘संस्थापक व कायमस्वरूपी मार्गदर्शक’. पाटीच्या आत ते वर्तमानपत्र वाचतात.

“या सुमतीबाई. चहा सांगितला असता, पण आज वातावरण गंभीर आहे.”

“रुख्माबाईंनी काम केलं नाही हे कशावरून?”

“ते ऋषी सांगेल. मी त्या यंत्राला हात लावत नाही. तत्त्वच आहे माझं.” त्यांनी दोन्ही तळहात मला दाखवले. खरंच स्वच्छ होते. त्यांनी कुठल्याच यंत्राला कधी हात लावला असेल असं वाटत नव्हतं. “बाई भल्या आहेत हो. पण ज्यांचं जे काम असतं. पडद्यावरचं वाचत नाहीत त्या, मोजतात. ‘वरून दुसरं’ म्हणे! तुम्हीच शिकवलंत ना तसं?”

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. पडद्यावरची यादी इंग्रजीत येते आणि रुख्माबाईंना इंग्रजी येत नाही. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं: ‘उजवं बटण. वरून दुसरं. खिडकी उघडेल. बसणे.’ हाताला धागे मोजायची सवय, तिथं हे एका दिवसात बसलं. वाचायला शिकवायला दोन महिने लागले असते. ते मी वाचवले.

“त्यांनी तुम्हाला कधी काही अडचण सांगितली होती?”

“मला? छे. मला त्यातलं काय कळतं?” ते म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. पहिलं पान अजून वाचून झालं नव्हतं.

ऋषी म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. संग्रहाचा डिजिटल सल्लागार. बेसाहून पंधरा दिवसांतून एकदा येतो, लॅपटॉप उघडतो, लॅपटॉपमध्ये स्वतःचा चेहरा बघतो आणि जातो.

“सिंपल आहे मॅडम. सात ऑगस्टनंतर कॉपी नाही. कॉपी नाही म्हणजे बाईंनी केली नाही. युजर एरर.”

“तू त्या फाइलवर उजवं बटण दाबून बघितलंस?”

“कशाला?”

“काय दिसतं ते बघायला.”

“मॅडम,” तो समजूतदारपणे हसला, “मी स्ट्रॅटेजी बघतो.”

एकशे अठरा नमुने गेले होते, एका बाईची अब्रू जात होती, आणि या इसमानं बोट हलवलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहून हसले. अशा माणसांना ते कौतुक वाटतं, आणि ती बाजूला सरकतात.

३

“रोज करता तसंच करा. मी इथं नाहीच असं समजा.”

रुख्माबाईंनी पदराला हात पुसले, खुर्ची पुढं ओढली. बाण फाइलवर नेला. उजवं बटण. ओठ हलले: एक, दोन. दाबलं.

पडद्यावर मोठी काळी खिडकी उघडली. आत रंगीत अक्षरांच्या ओळी. रुख्माबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

“आता?”

“आता बसाचं. पहिले शंभर मोजेस्तोवर आपोआप मिटे. आता मिटत नाही, म्हणून दोनशे मोजते अन् फुलीवर दाबते.”

माझी फाइल चालली की निळी खिडकी उघडते. तिच्या पहिल्या ओळीत, मराठी अक्षरं तिथं नीट उमटत नाहीत म्हणून रोमन लिपीत, मी लिहिलं होतं: ‘रुख्माबाई, बसा. नमुने साठवते आहे.’ ती ओळ काय म्हणते हे त्यांना मी एकदा वाचून दाखवलं होतं, तर दिवसभर हसत होत्या.

ही काळी खिडकी माझी नव्हतीच. हा एडिटर होता, प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं साधन. एडिटर फाइल उघडून वाचायला देतो, तिच्यात लिहिलेलं करत नाही. नमुन्याचा कागद समोर धरून कितीही वेळ बसलं तरी मागावर काठ चढत नाही. रुख्माबाई दोन महिने रोज संध्याकाळी, दोनशे मोजेपर्यंत, कागदापुढं बसत होत्या.

मी पुन्हा उजवं बटण दाबून यादी वाचली. पहिलं: उघडा. दुसरं: एडिटरमध्ये उघडा. पूर्वी दुसरं होतं ‘चालवा’. ते यादीत कुठंच नव्हतं. एक धागा निघाला होता, आणि खालचा सरकून त्याच्या जागी बसला होता.

“म्हणजे मी चुकली?”

“तुम्ही दुसरं दाबलं. दुसरंच दाबायचं होतं. कुणी तरी दुसऱ्याच्या जागी तिसरंच आणून ठेवलं.”

त्यांना समजावं म्हणून मी सावकाश सांगितलं. प्रत्येक प्रकारच्या फाइलचा एक मालक प्रोग्राम असतो. उजव्या बटणाच्या यादीत काय दिसेल ते बरंचसं मालकावर असतं. मालक बदलला की जुना आपली भांडीकुंडी घेऊन जातो. इथं ‘चालवा’ गेलं ते तसंच. आणि मालक आपोआप बदलत नाही. कॉम्प्युटर आधी विचारतो: फक्त या वेळी, की नेहमीसाठी? माणसानं बसून उत्तर द्यावं लागतं.

म्हणजे या खुर्चीत बसून कुणी तरी ‘नेहमीसाठी’ दाबलं होतं.

“खिडकी कधी काळी झाली, बाई?”

त्यांनी वही उघडली. आठ ऑगस्टच्या खुणेपुढं बारीक अक्षरांत होतं: ‘आज खिडकी काळी. मिटत नाही. मोठ्या साहेबांना विचारले.’

“काय म्हणाले मोठे साहेब?”

“म्हणे नवीन रूप आलं आहे. आता कायम असंच येईल. दाबत जा.”

मला त्यातलं काय कळतं, म्हणणारा माणूस! मी वही मिटली, तेवढ्यात दाराशी कुणी तरी हुंदका दिला. अपेक्षा, स्कॅनिंगला मदत करणारी कॉलेजातली मुलगी, ओढणीचं टोक चावत उभी होती.

“ताई, रुख्मामावशीले काही बोलू नका. ते एडिटर मी टाकलं.”

४

“माझा लॅपटॉप बंद पडला होता ताई. जेवणाच्या सुट्टीत इथंच शिकून राहिली होती. टाकतानी त्यानं विचारलं, उजव्या बटणात दिसू देऊ का, तं मी हो म्हटलं.”

ऋषी कुठून उगवला कळलं नाही. एरवी हाका मारूनही येत नाही. “मिळाला ना कल्प्रिट! अनऑथोराइज्ड इन्स्टॉलेशन. मामा, अजून एक लेटर लागेल!”

“थांब,” मी म्हटलं. “कधी टाकलंस, अपेक्षा?”

“जुलैच्या दुसऱ्या हप्त्यात.”

“ऋषी, कपाटातल्या डिस्कवर जुलैअखेरच्या नकला आहेत?”

“असतील.”

“आहेत. सात ऑगस्टपर्यंत रोजच्या. एडिटर आल्यावर तीन आठवडे ‘चालवा’ आपल्या जागी होतं, आणि अपेक्षाचं एडिटर मुकाट्यानं खाली तिसरं बसलं होतं. तिनं घरात पाहुणा आणला. घर त्याच्या नावावर दुसऱ्यानं केलं.”

तो पुढचा इंग्रजी शब्द शोधू लागला.

“आठ तारखेला तू कुठं होतीस गं?”

“पेपर होता ताई. हॉल तिकीट दाखवू? अन् मी त्या फाइलले काहून हात लावू?”

“कधी डबल क्लिक केलंस तिच्यावर?”

“डबल क्लिक?” तिला रडता रडता हसू आलं. “ते तं उजव्या बटणानं चालते. इथं कोणाले पण विचारा.”

तेच मला ऐकायचं होतं. नवा प्रोग्राम आला की कॉम्प्युटर तो मालकीचा प्रश्न विचारतो, पण फाइलवर डबल क्लिक केलं तरच. रोज काम करणाऱ्या दोघी कधीच डबल क्लिक करत नव्हत्या, म्हणून त्यांना तो प्रश्न कधी दिसलाच नव्हता. तो दिसला फक्त त्याला, ज्याला ही फाइल कशी चालते ते माहीत नव्हतं.

आठ ऑगस्टला काय होतं? दिल्लीचे पाहुणे आले होते, संग्रह बघायला. ऋषी त्यांना घ्यायला विमानतळावर गेला, अकराला घेऊन आला. त्याचा फोटो त्यानं स्वतःच सगळ्यांना पाठवला होता: विमानतळ, घड्याळ, स्वतः. रुख्माबाई नेहमीसारख्या दहाला आल्या, तर कुलूप आधीच उघडलेलं होतं आणि दारावर झेंडूचे हार.

मी कपाटातली डिस्क लावली. माझी फाइल नमुन्यांबरोबर स्वतःचीही नक्कल ठेवते. एकदा हात पोळले की अशा खोडी लागतात. सात ऑगस्टची माझी फाइल एका बाजूला उघडली, आजची दुसऱ्या बाजूला. ओळ न् ओळ सारखी, फक्त एक वेगळी. अगदी पहिली.

मी ती वाचली आणि मोठ्यानं हसले. मग घरी जाताना सक्करदऱ्याच्या तलावाशी गाडी थांबवून थोडा वेळ नुसती उभी राहिले, कारण इतका राग घेऊन गाडी चालवू नये.

५

शुक्रवारी अध्यक्ष भैयाजी पराते आले. पंचाहत्तरीचे, कमी ऐकणारे, त्याहून कमी बोलणारे. दत्तोपंतांनी प्रास्ताविक केलं. त्यात संस्थेची वाटचाल होती, मूल्यं होती, ‘अत्यंत जड अंतःकरणाने’ दोनदा होतं. रुख्माबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती.

मी भैयाजींना यादी दाखवली, काळी खिडकी दाखवली, वही दाखवली. “बाईंनी रोज काम केलं. ते काम आठ ऑगस्टपासून पोकळ झालं होतं, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. मोठ्या साहेबांनी ‘दाबत जा’ म्हटलं.”

“मी आपला धीर दिला,” दत्तोपंत म्हणाले. “तांत्रिक बाब आहे ही.”

“तांत्रिकच सांगते. ही फाइल शेवटची बदलली गेली आठ ऑगस्टला, सकाळी नऊ बेचाळीसला. कॉम्प्युटर वेळ लिहून ठेवतो. त्या वेळी ऋषी विमानतळावर, अपेक्षा परीक्षेला. कुलपाच्या किल्ल्या दोन. एक रुख्माबाईंची, एक...”

“मी हार लावायला लवकर आलो होतो! पण ही बाईसुद्धा आली असू शकते.”

“येऊ शकते. म्हणून काय बदललं ते वाचते.” मी जुनी ओळ वाचली: “रुख्माबाई, बसा. नमुने साठवते आहे.” मग नवी वाचली: “संस्थापक व कायमस्वरूपी मार्गदर्शक दत्तोपंत पोतनीस यांच्या प्रेरणेने नमुने साठवत आहोत.”

भैयाजींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“रुख्माबाईंनी स्वतःचं नाव खोडून तुमचं घातलं, असं म्हणायचं असेल तर म्हणा.”

दत्तोपंतांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

“पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर ही खिडकी दाखवायची होती तुम्हाला. तिच्यात एका कोष्टी बाईला ‘बसा’ म्हटलेलं चालणार नव्हतं. तुम्ही डबल क्लिक केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, फक्त या वेळी की नेहमीसाठी? आता तुम्ही, दत्तोपंत, ‘फक्त या वेळी’ दाबणार? ज्यानं पाटीवर स्वतःला कायमस्वरूपी लिहून घेतलं तो माणूस?”

भैयाजींनी कानामागे हात धरला. “मंग पावण्यायले दिसलं का दत्तोपंतायचं नाव?”

“नाही. चालवायचंच गेलं होतं. काळी खिडकी उघडली, रंगीत अक्षरं दिसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋषीनंही वाजवल्या. तो डिजिटल सल्लागार आहे.”

ऋषी लॅपटॉपमध्ये काही तरी फार महत्त्वाचं बघू लागला. लॅपटॉप बंद होता.

“संस्थेच्या प्रतिमेसाठी केलं,” दत्तोपंत म्हणाले. “मला काय माहीत असं होईल? नकळत झालं.”

“ते नकळत झालं, मान्य. पण मंगळवारचं पत्र? डिस्क मेल्यावर तुम्हाला काळी खिडकी आठवली नाही? आठवली. म्हणून तर ते पत्र इतक्या लवकर निघालं.”

भैयाजींनी पत्र उचललं, फाडायला दोन्ही हातांत धरलं.

“फाडू नका जी,” रुख्माबाई पहिल्यांदाच बोलल्या. “त्याच्या मागं लिहून द्या. खुणा खऱ्या होत्या म्हणून. साहेबायच्या हातानं.”

दत्तोपंतांनी लिहिलं. पेन दोनदा अडलं.

“अन् एकशे अठरा घरं आहेत,” त्या म्हणाल्या. “नावं वहीत आहेत. कागद पुन्हा मागाले साहेबायनंच जावं. लोक विचारतील, काहून पुन्हा मागता? तं खरं सांगावं.”

६

दत्तोपंत कागद मागायला गेले. गाडी ऋषीनं चालवली, ती मात्र चांगली चालवतो. तीन आठवडे ते नागपूर-उमरेडच्या गल्ल्यांतून ओट्या-ओट्यांवर बसले आणि खरं सांगत फिरले. कुणी हसलं, कुणी चहा दिला, एका म्हातारीनं म्हणे अर्धा तास बोलून घेतलं. कागद येत गेले. रुख्माबाई स्कॅन करत गेल्या, आणि ते संध्याकाळच्या आत परत जात राहिले.

शेवटी उमरेडहून ते एकटेच जिना चढून आले.

“एकशे सतरा झाले,” ते म्हणाले. “एक राहिला. ईश्वरदास निमजेंचा. ते सप्टेंबरात वारले. मुलांनी तो कागद त्यांच्याबरोबर चितेवर ठेवला.”

पहिल्यांदाच त्यांच्या वाक्यात एकही विशेषण नव्हतं. रुख्माबाई टेबलाकडे वळल्या.

“अपेक्षा, चौकटीचा कागद दे वं.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पेन्सिल घेतली. ओठ हलू लागले. तीन भरल्या, दोन सोडल्या. एक भरली, चार सोडल्या. पेन्सिल चौकटींवरून थांबत थांबत चालली होती, पण मागं एकदाही गेली नाही.

“पाठ आहे तुम्हाला?” मी विचारलं.

“पाठ कायचं वं. स्कॅन करतानी मोजला होता. मोजल्याबिगर कागद हातातून सुटत नाही माझ्या.”

दोन तासांनी ईश्वरदासांचा काठ कागदावर होता. मी दत्तोपंतांकडे पाहिलं. ‘वाचत नाहीत, मोजतात’ म्हणणारे गृहस्थ दारातच उभे होते आणि पायातल्या बुटांकडे बघत होते.

‘चालवा’ मी आधीच जागेवर आणलं होतं, आणि पहिली ओळही. आता रोज दुपारी चारला मी रुख्माबाईंना इंग्रजी अक्षरं शिकवते. ते दोन महिने कधी तरी द्यायचेच होते.

साडेपाच वाजले. रुख्माबाईंनी पदराला हात पुसले, उजवं बटण दाबलं. एक, दोन मोजलं. मग दाबण्याआधी बोट पडद्यावर टेकवून ते ‘दुसरं’ अक्षर-अक्षर वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

निळी खिडकी उघडली. रुख्माबाई, बसा.

त्या बसल्या. दारात दत्तोपंत अजून उभेच होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.